ग्रहीय तेजोमेघातलं रसायन: रेणू कुठे टिकतात आणि हिशेब कुठे चुकतो

प्रश्न असा आहे: मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याभोवती जो ग्रहीय तेजोमेघ दिसतो, त्यात नेमकं कोणतं रसायन चालतं? लाखभर केल्विन तापलेल्या ताऱ्याशेजारी रेणू टिकतात तरी कसे? आणि ‘या मेघात कार्बन इतका, ऑक्सिजन इतका’ हे आकडे येतात कुठून?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतं. ग्रहीय तेजोमेघ हा एकजिनसी ढग नसतो. आतून बाहेर जाताना त्याचे थर बदलतात, आणि थर बदलला की तापमान, घनता आणि रसायन सगळंच बदलतं. सबंध मेघाला एकच तापमान आणि एकच संघटन चिकटवलं, की पुढचा हिशेब चुकायला तिथूनच सुरुवात होते.

नावाबद्दल एवढंच, की या मेघांचा ग्रहांशी काही संबंध नाही. अठराव्या शतकातल्या दुर्बिणीतून ते ग्रहासारखे वाटोळे दिसले, म्हणून विल्यम हर्शलने दिलेलं नाव टिकून राहिलं. सूर्याच्या साधारण १ ते ८ पट वस्तुमानाचे तारे शेवटी आपलं बाहेरचं आवरण सोडून देतात. उघडा पडलेला गाभा तापत जातो आणि ते आवरण उजळतं. हा देखावा दहा-वीस हजार वर्षं टिकतो. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने तो डोळ्याचं पातं लवण्याइतका अवधी आहे.

रसायनाची दिशा मात्र मेघ जन्माला येण्याआधीच ठरलेली असते. तारा तांबडा राक्षसी होऊन शेवटच्या टप्प्यात येतो (खगोलशास्त्रज्ञ याला एजीबी टप्पा म्हणतात) तेव्हा गाभ्याभोवतीच्या कवचात हेलियम ठरावीक काळाने उसळून जळतं. त्या उसळीनंतर वरचं संवहन (वायूचं वर-खाली घुसळणं) खोल उतरतं आणि तिथला ताजा कार्बन पृष्ठभागावर खेचून आणतं. याला ‘तिसरा उपसा’ म्हणतात. सूर्यात कार्बनचे अणू ऑक्सिजनच्या निम्म्याहून थोडे अधिक आहेत. उपसा पुन्हा पुन्हा झाला की हे गुणोत्तर वाढत जातं आणि काही ताऱ्यांत १ ओलांडतं.

हा १ चा उंबरठा महत्त्वाचा आहे, आणि त्याला कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याचा बंध तोडायला ११.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. दोन अणूंच्या रेणूंत इतका घट्ट बंध दुसरा नाही. थंड होत जाणाऱ्या वायूत कार्बन आणि ऑक्सिजन जोड्या जमवून या रेणूत अडकून बसतात, आणि जो उरतो तो पुढचं सगळं ठरवतो. ऑक्सिजन उरला तर पाणी, सिलिकॉन मोनॉक्साइड आणि सिलिकेटची धूळ. कार्बन उरला तर ॲसिटिलीन, हायड्रोजन सायनाइड, सिलिकॉन कार्बाइड आणि काजळीसारखी कार्बनी धूळ. म्हणून कार्बन/ऑक्सिजन गुणोत्तर ०.९५ आहे की १.०५, यावर दोन संपूर्ण वेगळी रसायनं अवलंबून असतात.

सगळे तारे कार्बनप्रधान होत नाहीत. साधारण दीड ते चार सौर वस्तुमानाच्या पट्ट्यात ते होतं. त्याहून हलक्या ताऱ्यात उपसा पुरेसा होत नाही. त्याहून जड ताऱ्यात आवरणाचा तळच इतका तापतो, की उपसलेला कार्बन तिथल्या तिथे नायट्रोजनमध्ये बदलतो. अशा ताऱ्यांच्या मेघात नायट्रोजन आणि हेलियम दोन्ही चढे आढळतात. १९७८ मध्ये मॅन्युएल पेम्बर्ट यांनी याच खुणेवरून ‘प्रकार एक’ ही वर्गवारी केली: हेलियम/हायड्रोजन ०.१२५ च्या वर किंवा नायट्रोजन/ऑक्सिजन ०.५ च्या वर.

याच टप्प्यात न्यूट्रॉन सावकाश गिळत जड मूलद्रव्यंही घडतात. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम सापडलं. या धातूचा एकही समस्थानिक स्थिर नाही, आणि या प्रक्रियेत तयार होणाऱ्या टेक्नेशियम-९९ चं अर्धायुष्य सुमारे दोन लाख वर्षं आहे. म्हणजे ते ताऱ्याच्या जन्मापासून तिथे असणं शक्य नाही; ते अलीकडेच, त्याच ताऱ्यात घडलेलं आहे. मेघांमध्ये या प्रक्रियेची पावती क्रिप्टॉन आणि सेलेनियमच्या रेषांतून मिळते. २.१९९ आणि २.२८७ मायक्रॉनवरच्या दोन अवरक्त रेषा बरीच वर्षं ओळखीविना पडून होत्या. २००१ मध्ये हॅरिएट डिनरस्टाइन यांनी त्या या दोन मूलद्रव्यांच्या आयनांच्या असल्याचं दाखवलं.

आता ताऱ्याभोवतीचा मेघ. केंद्रातल्या ताऱ्याचं तापमान ३०,००० पासून २,००,००० केल्विनच्या वरही जातं. त्याच्या अतिनील प्रकाशात कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आहेत, यावर थर ठरतात. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, हेलियमचा पहिला काढायला २४.६, दुसरा काढायला ५४.४. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन ३५.१ ला निघतो, तिसरा जवळपास ५५ ला. मोठ्या ऊर्जेचे फोटॉन आतल्या वायूतच खर्च होतात, त्यामुळे ताऱ्याजवळ दुहेरी आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला) हेलियम, मग दुहेरी आयनीभूत ऑक्सिजन, आणि काठाकडे एकेरी आयनीभूत नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक अशी उतरंड लागते. स्वरमंडळ तारकासमूहातल्या कंकणाकृती मेघाच्या छायाचित्रात ही उतरंड नुसत्या डोळ्यांना दिसते: आत निळसर, मध्ये हिरवट, बाहेर तांबडं.

काठाबद्दल एक बारकावा इथेच सांगायला हवा. ऑक्सिजनचा पहिला इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा जवळजवळ सारखी आहे: १३.६२ आणि १३.६०. त्यामुळे दोघं आपसांत इलेक्ट्रॉनची देवघेव सहज करतात, आणि हायड्रोजन जिथे उदासीन होतो तिथेच ऑक्सिजनही होतो. ६३०० अँगस्ट्रॉम तरंगलांबीची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) उदासीन ऑक्सिजनची रेषा म्हणूनच मेघाचा काठ अचूक दाखवते. अडचण एवढीच, की आपल्या वातावरणातला ऑक्सिजनही रात्री याच रेषेत चमकतो. आकाशाचा वर्णपट नीट वजा केला नाही, तर मेघाचा काठ आहे त्यापेक्षा ठळक दिसतो.

मेघाच्या वर्णपटातल्या सगळ्यात तेजस्वी दोन हिरव्या रेषा, ५००७ आणि ४९५९ अँगस्ट्रॉमच्या, यांनी खगोलशास्त्राला साठ वर्षांहून अधिक काळ चकवलं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ चा वर्णपट पाहिला आणि मेघ वायूचा आहे हे स्पष्ट झालं. पण या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. मग ‘नेब्युलियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य मानलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं, की त्या दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या ‘निषिद्ध’ रेषा आहेत. उत्तेजित आयनाला हा प्रकाश सोडायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. प्रयोगशाळेतल्या वायूत तेवढ्यात असंख्य टकरा होऊन ती ऊर्जा हिरावली जाते. मेघात घन सेंटिमीटरला साधारण काही हजार इलेक्ट्रॉन असतात, म्हणून आयनाला तेवढी सवड मिळते.

इथे नवशिक्यांची हमखास गफलत होते. ५००७ ची रेषा हायड्रोजनच्या एच-बीटाहून दहापट तेजस्वी असू शकते, आणि तरी हायड्रोजनच्या सुमारे दोन हजार अणूंमागे ऑक्सिजनचा अणू एकच असतो. रेषेचं तेज आणि मूलद्रव्याचं प्रमाण यांचा थेट मेळ लागत नाही, कारण मध्ये तापमान आहे. वायू तापतो तो फोटॉनने उडवलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि निवतो तो मुख्यतः याच ऑक्सिजनच्या रेषांवाटे. ऑक्सिजन वाढला तर वायू जास्त निवतो, तापमान उतरतं, आणि रेषा अपेक्षेइतकी वाढत नाही. बहुतेक मेघांचं तापमान १०,००० केल्विनच्या आसपास घुटमळतं ते या आपोआप होणाऱ्या समतोलामुळे.

आयनीभूत आणि उदासीन थरांची जिथे गाठ पडते, तिथे रसायनाचा एक विलक्षण प्रकार चालतो. हंस तारकासमूहातला एनजीसी ७०२७ हा सुमारे ३,००० प्रकाशवर्षांवरचा, जेमतेम काही शतकांचा तरुण मेघ. त्याचा तारा दोन लाख केल्विनच्या घरात आहे. इतक्या तप्त ताऱ्याच्या कडक फोटॉनांमुळे आयनीभूत हेलियमचा थर हायड्रोजनच्या काठापलीकडे किंचित सरकतो. त्या पातळ पट्टीत आयनीभूत हेलियम आणि उदासीन हायड्रोजन एकत्र सापडतात, एकमेकांना चिकटतात, जास्तीची ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतात, आणि हेलियम हायड्राइड आयन तयार होतो. हा आयन प्रयोगशाळेत १९२५ पासून माहीत होता. विश्व थंड होताना जो पहिला रेणू जुळला तो हाच मानला जातो. पण अवकाशात तो सापडत नव्हता.

सापडत नव्हता याचं कारण बघण्यासारखं आहे. त्याची पायाभूत रेषा १४९.१ मायक्रॉनवर येते. तिथे जमिनीवरून काहीच दिसत नाही, कारण वातावरणातली वाफ सगळं गिळते. अवकाशातल्या आयएसओ वेधशाळेने त्या भागात पाहिलं होतं, पण शेजारीच कार्बन-हायड्रोजनच्या साध्या रेणूच्या दोन रेषा आहेत आणि त्या वर्णपटमापकाला त्या वेगळ्या करता येत नव्हत्या. अखेर २०१६ मध्ये सोफिया या विमानातल्या दुर्बिणीवरच्या ग्रेट या उपकरणाने रेषा सुटी केली. रॉल्फ ग्युस्टेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निकाल जाहीर केला. रेषेचं तेज मॉडेलच्या भाकितापेक्षा काही पट जास्त निघालं, म्हणजे हा आयन घडण्याचे किंवा मोडण्याचे जे वेग आपण धरत होतो ते तपासून घ्यावे लागले. तो मोडतो दोन वाटांनी: इलेक्ट्रॉन भेटला तर दोन अणू वेगळे होतात, आणि हायड्रोजन भेटला तर हेलियम सुटून हायड्रोजनचा रेणू-आयन उरतो.

आणखी बाहेर, किंवा मेघातच पण आडोशाला, खरे रेणू असतात. आडोसा म्हणजे गुठळी. कुंभ राशीतल्या सुमारे ६५० प्रकाशवर्षांवरच्या हेलिक्स मेघात अशा हजारो गुठळ्या आहेत. प्रत्येकीचं डोकं ताऱ्याकडे आणि शेपूट उलट्या दिशेला, धूमकेतूसारखी. एकेका गुठळीत पृथ्वीच्या काही पट वस्तुमानाचा वायू असतो. ताऱ्याकडच्या बाजूला आयनीभूत हायड्रोजनची पातळ चकाकती साल, तिच्या लगेच मागे तापलेल्या रेणुरूप हायड्रोजनचा थर (२.१२२ मायक्रॉनच्या रेषेत हाच दिसतो), आणि त्यामागे कार्बन मोनॉक्साइड.

रेणू इथे टिकतात ते दोन कारणांनी. एक, धूळ प्रकाश अडवते. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, हायड्रोजनचा रेणू काही ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश गिळून मोडतो. पुढच्या फळीतले रेणू नेमका तोच प्रकाश खाऊन टाकतात आणि मागचे वाचतात. कार्बन मोनॉक्साइडलाही असंच स्वसंरक्षण मिळतं. गुठळी पुरेशी दाट असेल तर ती हजारो वर्षं टिकते. विरळ असेल तर पहिल्या काही शतकांतच उघडी पडते. म्हणूनच मेघ जुना होताना सरासरी रेणू कमी होत जातात, पण शून्यावर येत नाहीत.

या गुठळ्यांतलं रसायन मूळ तांबड्या ताऱ्याच्या आवरणातल्या रसायनासारखं राहत नाही. कार्बनप्रधान ताऱ्याच्या वाऱ्यात हायड्रोजन सायनाइड भरपूर असतं. मेघात अतिनील प्रकाश त्यातला हायड्रोजन तोडतो, सायनोजेनचं मूलक (कार्बन आणि नायट्रोजनच्या एकेका अणूची जोडी) उरतं, आणि जुन्या मेघांत ते हायड्रोजन सायनाइडच्या जवळपास दहापट होतं. त्याच अणूंचा उलटा जोडलेला भाऊ, हायड्रोजन आयसोसायनाइड, मूळ रेणूच्या साधारण निम्म्यापर्यंत चढतो. हे दुसरं गुणोत्तर ताऱ्याच्या अतिनील तेजाबरोबर खाली येतं, त्यामुळे प्रकाशाचा मारा किती आहे याचं ते चांगलं माप ठरतं. फॉर्मिल आयनही मूळ ताऱ्याच्या मानाने खूप वाढतो: आयनीभूत कार्बन हायड्रॉक्सिलला भेटून कार्बन मोनॉक्साइडचा आयन देतो, आणि तो हायड्रोजनच्या रेणूकडून एक अणू घेऊन फॉर्मिल आयन होतो. फॉर्मिल ठळक आणि हायड्रोजन सायनाइड फिकं दिसलं, तर वायूवर प्रखर प्रकाशाचं राज्य आहे असं बेलाशक समजावं.

ऑक्सिजनप्रधान बाजूला मेसर (रेणूंतून लेसरसारखे तीव्र होऊन येणारे रेडिओ-लहरींचे झोत) हे घड्याळाचं काम करतात. तारा वारा सोडायचं थांबला की सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर दहाएक वर्षांत विझतात, पाण्याचे शंभरेक वर्षांत, हायड्रॉक्सिलचे हजारेक वर्षांत. म्हणून एखाद्या पक्क्या आयनीभूत मेघात पाण्याचा मेसर मिळाला, जसा के३-३५ मध्ये मिळाला, तर तो मेघ आत्ताच उजळला आहे असं समजतात.

कार्बनप्रधान बाजूची खरी श्रीमंती मोठ्या रेणूंत आहे. सीआरएल ६१८ हा अजून पुरता उजळलेला नसलेला मेघ. त्यात २००१ मध्ये आयएसओच्या वर्णपटात बेंझीन सापडलं. ॲसिटिलीनच्या रेणूंवर अतिनील प्रकाश पडतो, साखळ्या लांबतात, कडी बंद होते आणि षट्कोन तयार होतो. हे सगळं फार तर काही शतकांत होतं. अशा अनेक षट्कोनांचे सपाट पत्रे ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनवर पट्टे देतात. २०१० मध्ये यान कामी आणि सहकाऱ्यांना टीसी १ या मेघात स्पिट्झर दुर्बिणीच्या नोंदींतून साठ कार्बन अणूंचा फुटबॉलच्या आकाराचा फुलरीन रेणू मिळाला, आणि जोडीला सत्तर अणूंचाही.

फुलरीन ओळखताना मात्र हात आखडता घ्यावा. त्याचे चार पट्टे ७.०, ८.५, १७.४ आणि १८.९ मायक्रॉनवर येतात, आणि चारही ठिकाणी शेजारी त्रासदायक आहेत. ७.० वर आयनीभूत आर्गॉनची रेषा जवळजवळ त्याच जागी बसते. ८.५ हा ८.६ च्या षट्कोनी पट्ट्यात मिसळतो, १७.४ वरही त्याच कुळातला पट्टा येऊ शकतो. १८.९ सगळ्यात विश्वासू, पण त्याच्या खांद्यावर १८.७१ ला दुहेरी आयनीभूत गंधकाची ठळक रेषा असते. पट्टा रुंद असतो आणि आयनाची रेषा अरुंद. विभेदन (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) कमी असेल तर हा फरकच नाहीसा होतो. निदान १७.४ आणि १८.९ दोन्ही दिसल्याशिवाय, आणि आर्गॉनचा वाटा वेगळा काढल्याशिवाय, फुलरीन सापडल्याचं म्हणू नये.

आता आकड्यांकडे. दृश्य वर्णपटातून मूलद्रव्यांचं प्रमाण काढायचं असेल तर क्रम असा पडतो. आधी मधल्या धुळीचा परिणाम काढायचा. १०,००० केल्विनला हायड्रोजनच्या एच-आल्फा आणि एच-बीटा या रेषांचं गुणोत्तर २.८६ असायला हवं. ते ५ आलं, तर निळा प्रकाश जास्त गिळला गेला आहे. तेवढ्या धुळीसाठी ३७२७ ची ऑक्सिजन रेषा एच-बीटाच्या तुलनेत सुमारे पावणेदोन पट वाढवून घ्यावी लागते. मेघ जास्त तापलेला असेल तर दुहेरी आयनीभूत हेलियमच्या दोन रेषा एच-आल्फा आणि एच-बीटाच्या अगदी पोटात येतात (६५६० आणि ४८५९). ४६८६ च्या रेषेवरून त्यांचा वाटा काढून आधी वजा करावा.

मग घनता. गंधकाच्या ६७१७ आणि ६७३१ या जोडीचं गुणोत्तर विरळ वायूत १.४ च्या आसपास असतं आणि दाट वायूत ०.४५ च्या जवळ उतरतं. घन सेंटिमीटरला शंभर ते दहा हजार इलेक्ट्रॉन या मर्यादेतच त्यावर भिस्त ठेवावी. गुणोत्तर १.४ ला टेकलं असेल तर ‘घनता कमी आहे’ याहून जास्त काही म्हणता येत नाही.

त्यानंतर तापमान, आणि सगळी मेख इथे आहे. दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या ४९५९ व ५००७ रेषांच्या तेजाची बेरीज भागिले त्याच आयनाच्या ४३६३ रेषेचं तेज, हे गुणोत्तर १०,००० केल्विनला सुमारे २१० असतं आणि १२,००० ला सुमारे १२०. म्हणजे ४३६३ ची रेषा फार फिकी असते आणि सगळा भार तिच्यावर असतो. आधी ५००७ आणि ४९५९ चं आपसांतलं गुणोत्तर पाहा. अणुभौतिकीने ते २.९८ ठरवलेलं आहे. तुमचं २.७ आलं, तर ५००७ ने डिटेक्टर भरून गेला आहे. छोटा एक्स्पोजर घ्यावा लागेल. ४३६३ साठी मोठा आणि ५००७ साठी छोटा, असे दोन एक्स्पोजर घेणं हीच खरी सवय.

४३६३ ची दुसरी शत्रू आहे पारा. रस्त्यांवरच्या पाऱ्याच्या दिव्यांची रेषा ४३५८ वर येते, फक्त पाच अँगस्ट्रॉम अलीकडे. छोट्या मेघात स्लिटच्या (वर्णपटमापकाच्या अरुंद फटीच्या) टोकांकडचं मोकळं आकाश वजा करून ती निघून जाते. पण मेघाने सगळी स्लिट व्यापली असेल तर वजा करायला आकाशच उरत नाही, आणि विभेदन ढिलं असेल तर पारा थेट ऑक्सिजनच्या खात्यात जमा होतो.

त्याचा परिणाम किती होतो ते करून पाहा. खरं तापमान १०,००० केल्विन, आणि ४३६३ ची रेषा २० टक्क्यांनी जास्त मोजली गेली. गुणोत्तर २१२ वरून १७७ वर येतं आणि तापमान सुमारे १०,६०० निघतं. फरक ६०० केल्विनचा, ऐकायला किरकोळ. पण वायू जास्त तापलेला मानला, की त्याच रेषेसाठी कमी आयन पुरतात. ऑक्सिजनचा आकडा सुमारे एक षष्ठांशाने घसरतो. दुहेरी आयनीभूत कार्बनच्या १९०७-१९०९ अँगस्ट्रॉमच्या अतिनील रेषा उत्तेजित करायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, म्हणून तापमानाची चूक त्यांना जास्त भोवते: कार्बनचा आकडा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त घसरतो. दोन्हींचं गुणोत्तर खरं १.१ असेल तर हाती ०.८५ च्या आसपास येतं. उंबरठा १ चा आहे. कार्बनप्रधान मेघ कागदावर ऑक्सिजनप्रधान झाला, तोही रस्त्यावरच्या दिव्यांमुळे! मग त्याच मेघात अवरक्तात काजळीचे पट्टे दिसतात आणि ‘मिश्र रसायन’ सापडल्याचा भास होतो. खरी मिश्र रसायनाची उदाहरणं आहेत, पण दावा करण्याआधी ४३६३ पुन्हा मोजावी.

कार्बनच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. अतिनील रेषा फक्त अवकाशातून मिळतात. जुन्या आययूई उपग्रहाचं मोठं छिद्र सुमारे १० बाय २० कोनीय सेकंदांचं होतं, आणि जमिनीवरची स्लिट एक-दोन कोनीय सेकंदांची. दोघांनी मेघाचे वेगळे थर पाहिलेले असतात. दोन्ही मोजमापं एच-बीटाच्या तेजावरून जुळवताना हे विसरलं, तर धुळीची दुरुस्ती कितीही काटेकोर असो, गुणोत्तराला अर्थ राहत नाही.

तापमानही एक धरू नये. आतल्या थरासाठी ऑक्सिजनचं, बाहेरच्या थरासाठी नायट्रोजनचं (५७५५ विरुद्ध ६५४८ आणि ६५८३). ५७५५ मध्ये पुनर्संयोगाने (आयनाने इलेक्ट्रॉन परत पकडल्याने) आलेला प्रकाशही थोडा मिसळलेला असतो. जास्त तापलेल्या मेघात तो काढला नाही तर बाहेरचं तापमान खोटं चढतं.

शेवटी न दिसलेल्या आयनांची भरपाई. नायट्रोजनचा दृश्य पट्ट्यात फक्त एकेरी आयन दिसतो, आणि जास्त तापलेल्या मेघात तो एकूण नायट्रोजनच्या पाच टक्केही नसतो. म्हणून ‘नायट्रोजन/ऑक्सिजन बरोबर दोघांच्या एकेरी आयनांचं गुणोत्तर’ असं मानून विसाहून अधिक पटींनी गुणतात. हा गुणक २ किंवा ३ असेल तर निश्चिंत राहा. ३० असेल तर आकड्यापुढे मोठी त्रुटी लिहा. हेलियमला ही अडचण जवळजवळ नसते, कारण त्याचे दोन्ही आयन दिसतात.

एवढं सगळं नीट केलं तरी एक विसंगती उरते, आणि ती मोजणाऱ्याच्या चुकीची नाही. ऑक्सिजनचं प्रमाण आणखी एका वाटेने काढता येतं: ४६५० च्या आसपासच्या पुनर्संयोगाच्या फिक्या रेषांवरून. या रेषा तापमानाबरोबर हायड्रोजनसारख्याच बदलतात, म्हणून तापमानाची चूक त्यांना शिवत नाही. तरी त्यांच्यावरून येणारा ऑक्सिजन नेहमी जास्त असतो. बहुतेक मेघांत दोन-तीन पट, एनजीसी ६१५३ मध्ये दहाच्या आसपास, एचएफ २-२ मध्ये सत्तरच्या घरात. ४२६७ वरची कार्बनची रेषाही अशीच वागते.

तापमानातल्या चढउतारांनी दोन-तीन पटींचं कोडं सुटू शकतं, सत्तर पटींचं नाही. मोठ्या विसंगतीचं पटणारं स्पष्टीकरण असं, की मेघात दोन वेगळे वायू आहेत. एक नेहमीचा, दहा हजार केल्विनचा. दुसरा हायड्रोजन कमी आणि जड मूलद्रव्यं जास्त असलेला. अवरक्त रेषांतून तो इतका निवतो की हजारएक केल्विनला किंवा त्याखाली पोचतो. थंड वायू ५००७ उत्तेजित करू शकत नाही, पण पुनर्संयोगाच्या रेषा भरपूर देतो. सर्वाधिक विसंगतीच्या मेघांपैकी एचएफ २-२ आणि एबेल ४६ यांच्या केंद्रात अर्ध्या दिवसाहून कमी वेळात एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोड्या आहेत. जोडीदार असल्याने असा वायू कसा बाहेर पडतो, हे अजून नीट उलगडलेलं नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढा, की केंद्रात अशी जवळची जोडी असलेल्या मेघासाठी ‘ऑक्सिजन/हायड्रोजन’ असा एकच आकडा देऊ नये. एच-बीटाचा प्रकाश दोन्ही वायूंतून येतो, ५००७ चा फक्त उष्ण वायूतून, आणि ४६५० चा बराचसा थंडातून. कोणत्या रेषेला कोणत्या वायूच्या हायड्रोजनने भागायचं हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर येणारं उत्तर दोन्हींपैकी कोणत्याच वायूचं नसतं.